सहीखालची रेघ

४ जून

मामा,

नमस्कार. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट मामीने ऐकून तुमच्या कानात ओरडून सांगावी अशी नाही. म्हणून लिहितो. एकदा कच्चं लिहून काढलं. हे पक्कं आहे.

मला कामावरून काढलं.

सोमवारी सकाळी फाटकावर कार्ड लावलं तर दिवा लाल. शर्टाला पुसून परत लावलं, परत लाल. मागे रांग लागली. वॉचमन म्हणाला, "बाजूला हो रे, लोकांना उशीर होतोय." अडीच वर्षं रोज मला हात करणारा माणूस. म्हणजे मला कळायच्या आधी फाटकाला कळलं होतं.

मग आतून निरोप आला की हसरे साहेब बोलावतात. हे तुम्ही रिटायर झाल्यावर आलेले मॅनेजर. सारखे हसत असतात म्हणून सगळे त्यांना हसरे साहेबच म्हणतात. त्यांनी हसत कागद पुढे सरकवला. खोलीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत नऊ मिनिटं लागली. समोर घड्याळ होतं, मी पाहत होतो.

कागदात तीन वाक्यं आहेत. मधलं असं: "सदर कर्मचाऱ्याने शिड्यांची तपासणी न करता तपासणीपत्रकावर सही करून कंपनीची फसवणूक केली आहे." एवढ्याशा कागदात अकरा चुका आहेत. निष्काळजीपणा हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा चुकीचा लिहिला आहे.

झालं असं, की एक रंगारी जिन्याच्या भिंतीला रंग देत असताना आपल्या कंपनीच्या शिडीची सहावी पायरी निखळली. तो खाली आला आणि खुब्याचं हाड मोडलं. ती शिडी ज्या दहांच्या गठ्ठ्यातली, त्याच्या तपासणीपत्रकावर माझी सही आहे.

मामा, त्या गठ्ठ्यातली एकही शिडी मी पाहिलेली नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मला माल भरायच्या जागेवर लेबलं चिकटवायला पाठवलं होतं. परत आलो तेव्हा दहाच्या दहा शिड्या गाडीत चढल्या होत्या. सही माझी आहे, हे खरं. ती तिथे कशी आली ते पुढे कधीतरी सांगेन.

नोकरी परत द्या असं मी म्हणत नाही. पण ते मधलं वाक्य निघालं पाहिजे. मी दोन ठिकाणी जाऊन आलो. दोघांनी कंपनीला फोन लावला, कंपनीने ते वाक्य वाचून दाखवलं आणि दोघांनी मला चहा विचारून परत पाठवलं. तुम्ही तिथे एकतीस वर्षं काढलीत. तुमचं एक पत्र साहेबांना गेलं तर फरक पडेल.

तुमचा भाचा


९ जून

मास्तर,

पत्र मिळालं. अक्षर नेहमीसारखं सुंदर. बाकी त्यात सुंदर काही नाही.

सही तुझी आणि शिड्या तू पाहिल्या नाहीस. मग सही काय भिंतीतून उगवली? आणि "पुढे कधीतरी सांगेन" म्हणजे काय? मी तुझा मामा आहे की पोस्टमन?

नववीत शाळा सोडलेल्या पोराला आत घ्या म्हणून मी तीन वेळा ऑफिसच्या पायऱ्या चढलो होतो. आयुष्यात स्वतःसाठी एकदाही चढलो नाही. तुझी आई तेव्हा म्हणाली होती, दादा, हा फार भित्रा आहे, त्याला सांभाळून घ्या. मी म्हणालो, भित्राच पाहिजे. तपासणीला धीट माणूस कामाचा नाही. शिडीवर आपण चढत नाही, दुसरा चढतो.

आता तो दुसरा खुबा मोडून पडलाय आणि तू मला पत्रातल्या चुका मोजून दाखवतोस.

कंपनी उगाच कोणाला काढत नाही. माझ्या डोळ्यांदेखत किती साहेब आले, किती गेले. एकेकाचा स्वभाव असतो, पण कामाला कोणी वाईट नव्हतं. आमच्या तपासणी हॉलला उत्कृष्ट हॉल म्हणून घड्याळ मिळालं, ते माझ्या भिंतीवर आहे. एकतीस वर्षांत एका मिनिटाचा ठपका नाही. त्या माणसाने आता भाच्यासाठी रदबदली करायची, ती पण कशासाठी, तर न बघता केलेल्या सहीसाठी.

पत्रबित्र मी लिहिणार नाही. उद्या साहेबांकडे जा, चुकलो म्हण, आणि त्या रंगाऱ्याला भेटून ये.

मामी विचारते, जेवतोस का. मी विचारत नाही.

मामा


१३ जून

मामा,

कधीतरी सांगेन म्हणालो होतो, ते आता सांगतो. हे तुम्हाला लिहावं लागू नये असं मला वाटत होतं.

तुम्ही रिटायर व्हायच्या आधी आपण दोन महिने एकाच हॉलमध्ये होतो. माझा पहिला दिवस आठवा. तुम्ही खणातून कोऱ्या पत्रकांचं पॅड काढलंत, पन्नास पानांचं, आणि म्हणालात, "आधी सगळ्यांवर सह्या उरकून टाक. दर गठ्ठ्याला पेन शोधत बसलास तर शिड्या कधी बघशील?" मी विचारलं, "मामा, न बघता?" तुम्ही हसलात. तुम्हाला माझं ऐकू आलं नसावं असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

सगळेच तसं करतात. तिन्ही पाळ्यांत. सकाळी आलं की सह्या, मग काम. भरायचे आकडे तेवढे उरतात. त्या दिवशी मी लेबलं चिकटवत होतो आणि माझं सही केलेलं पॅड खणात होतं. पाळीच्या इन्चार्जने वरचं पान काढलं आणि आकडे भरले. ते पान साहेबांनी मला त्या सोमवारी लांबून दाखवलं. दहा शिड्यांपुढे दहा वेळा "वाक तीन मिलिमीटर". मामा, वजन लटकवल्यावर दहा शिड्या एकसारख्या वाकलेल्या तुम्ही जन्मात पाहिल्यात का?

आता एक गोष्ट, जी मी कोणाला सांगितली नव्हती. कोऱ्या कागदावरची सही मला खोटी वाटायची. म्हणून मी एक केलं. सकाळी नुसती सही करायचो. त्या गठ्ठ्यातल्या दहाही शिड्या बघून झाल्या, प्रत्येकीला मिनिटभर वजन लावलं, पायऱ्या जोडणारं एकेक रिव्हेट हातोडीने वाजवून ऐकलं, की मग सहीखाली पट्टी लावून रेघ ओढायचो. रेघ नाही म्हणजे मी पाहिलं नाही. अडीच वर्षांत एकदाही चुकलो नाही. त्या पानावर रेघ नाही. मी हे त्या नऊ मिनिटांत सांगितलं. साहेब हसत म्हणाले, "छान आहे, हे लेखी द्या."

लेखीचं मी तुम्हाला सांगतो. साहेबांनी हॉलमध्ये मोठा बोर्ड लावला, तासाला किती शिड्या झाल्या ते त्यावर लाल आकड्यांत दिसतं. मिनिटभराचं वजन पंधरा सेकंदांवर आणलं. पंधरा सेकंदांत सैल रिव्हेट बोलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला छापील कार्ड आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार". तिसऱ्यानंतर माझं स्टूल उचलून नेलं, उभ्याने काम वेगात होतं म्हणून.

रंगाऱ्याकडे तुम्ही सांगायच्या आधीच जाऊन आलो होतो. त्याने विचारलं, "ती शिडी तू बघितली होतीस?" मी म्हणालो, "नाही." "मग कोणी बघितली?" मी म्हणालो, "कोणीच नाही." त्याने गादीखालून आपल्या तक्रारीची प्रत काढून दाखवली. मग म्हणाला, "हे तिथे येऊन सांगशील?" मी हो म्हटलं.

साहेबांकडे माफी मागायला मी जाणार नाही. मला राग आला आहे, मामा. त्यांचा तर आहेच, पण तुमचाही आहे. "कंपनी उगाच कोणाला काढत नाही" हे वाक्य मी पाच वेळा वाचलं. हे पत्र तीनदा उतरवून काढलं आहे.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुमचा भाचा


२ जुलै

बाळा,

हे मी लिहिते आहे, मामी. माझ्या अक्षराला हसू नकोस आणि चुका काढू नकोस.

तुझे मामा बोलत नाहीत. तसे ते ऐकतही नाहीत, त्यामुळे घरात फार फरक पडलेला नाही. पण जेवताना ताटाकडे बघत बसतात. तुझं पत्र उशीखाली आहे. मी वाचलं. चोरून नाही, त्यांच्यासमोर बसून वाचलं, आणि विचारलं, "हे खरं आहे का हो?" तर म्हणाले, ऐकू आलं नाही. मी म्हटलं, हे ऐकायला कान लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि कपाटात टॉवेलखाली ठेवलं. आता भिंतीवर गोल पांढरा डाग आहे आणि किती वाजले ते मला शेजारी विचारावं लागतं.

गेल्या मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीत गेले. मला सांगितलं दाढी करायला जातो. तिकडे कोणी नवा वॉचमन होता, त्याने विचारलं, "आजोबा, कोणाकडे काम आहे?" यांनी आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. तो म्हणाला, असं नाव यादीत नाही. तीन तास बाकावर बसवलं. मग तो हसणारा खाली आला, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारखी माणसं म्हणजे कंपनीचा पाया." आणि लिफ्टकडे निघून गेला. वरही नेलं नाही.

घरी आले ते सरळ आडवे झाले. हे सगळं मी रात्री खोदून खोदून काढलं. वर एवढंच म्हणाले, "पाया म्हणे. पायावर उभं राहून बोलला."

तू लिही. ते लिहिणार नाहीत, पण वाट बघतात. पोस्टमनची वेळ झाली की उगाच दारातली चप्पल सरळ करत बसतात.

जेवतोस ना?

मामी


८ जुलै

मामा,

मामीचं पत्र आलं. तुम्हाला बाकावर बसवलं हे वाचून मी घरातून उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. आईने विचारलं काय झालं. मामीचं पत्र तिच्या हातात दिलं.

माझं तुम्हाला सांगतो. काल साहेबांनी मला बोलावलं होतं. मी कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे, ते त्यांना कळलं. या वेळी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "आपण हे घरातल्या घरात मिटवू. तुझ्या इच्छेने राजीनामा दिलास असं लिहू, वर चांगलं शिफारसपत्र देऊ. ते वाक्य विसर." मामा, मला खरंच वाटलं की संपलं. छातीवरून कोणीतरी उठल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी कागद पुढे केला. कोरा. खाली पेन्सिलने बारीक फुली. "इथे सही कर. मजकूर ऑफिस नंतर टाईप करेल."

मी त्या फुलीकडे बघत राहिलो. मी विचारलं, "साहेब, मजकूर काय असेल?" ते म्हणाले, "अरे, विश्वास नाही का?" शेजारी तोच पाळीचा इन्चार्ज उभा होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

मी म्हटलं, मजकूर मी लिहितो. खिशातून पेन काढलं, पट्टी काढली आणि तिथेच लिहायला बसलो. "तारीख अमुक, गठ्ठा क्रमांक अमुक. यातील दहा शिड्यांपैकी एकही मी तपासलेली नाही. त्या वेळी मला लेबलं चिकटवण्याच्या कामावर पाठवले होते." सावकाश लिहिलं. साहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मी सही केली, रेघ ओढली आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो वाचला, हसत घडी घातली आणि फाडला. फाडतानाही हसत होते. मी पट्टी खिशात घालून बाहेर पडलो. काय म्हणायला हवं होतं ते जिना उतरताना सुचलं.

एकोणीस तारखेला कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. बाई आहेत, नीट ऐकून घेतात. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "रेघेचं तू म्हणतोस. कंपनी म्हणते की कोऱ्या पत्रकावर सह्या करायची पद्धत आमच्याकडे कधी नव्हतीच. मग तुझी सही म्हणजे तू पाहिलंस असाच अर्थ निघतो. पद्धत होती असं सांगणारा कोणी आण, तर मी जुनी पत्रकं मागवू शकते." मी हॉलमधल्या चौघांना विचारलं. चौघांच्या घरी मुलं आहेत. एकाने तर मला बघून रस्ता बदलला. त्याला दोष देत नाही. पण त्याचाही राग येतो.

मी तुम्हाला या असं म्हणत नाही. मागच्या पत्रात जास्त लिहिलं गेलं, पण खोटं काही लिहिलं नव्हतं, म्हणून माफी कशी मागावी हे कळत नाही.

तुमचा भाचा


१३ जुलै

मास्तर,

माफी मागू नकोस. मागितलीस तर पत्र परत पाठवीन.

पहिल्या दिवशी तू "मामा, न बघता?" असं विचारलंस, ते मला ऐकू आलं होतं. बहिऱ्या माणसाला एक सोय असते. नको ते ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. मी ती सोय पुष्कळ वापरली.

पद्धत कोणी पाडली ते आता ऐक. तू पाळण्यात होतास तेव्हाची गोष्ट. मी नवा नवा फोरमन. शेजारच्या हॉलमध्ये रिव्हेट ठोकायची मशिनं, दिवसभर डोक्यात हातोडे. त्या वर्षी वरून हुकूम आला, ज्या हॉलचं काम सर्वांत वेगात त्याला बक्षीस. मी हिशेब केला की आमची माणसं पत्रकं भरण्यात दिवसाचा तासभर घालवतात. मीच म्हणालो, सह्या सकाळी उरका. तेव्हा आम्ही शिड्या बघायचो रे. सही आधी केली तरी शिडी बघितल्याशिवाय सोडत नव्हतो. आमच्यातला एक माणूस न बघता सोडेल असं माझ्या मनातही आलं नाही. पण कागदाला काय माहीत सही करणारा कोण आहे. मी कोऱ्या सह्यांचा गठ्ठा तयार करून खणात ठेवला, आणि वीस वर्षांनी तो या हसऱ्याच्या हाती लागला.

ते घड्याळ त्याचंच बक्षीस. उत्कृष्ट हॉल नव्हे, सर्वांत वेगवान हॉल. मागे कोरलंय. भिंतीला टेकलेली बाजू कोण वाचतो.

तुला "भिंतीतून उगवली का" म्हणून विचारलं. माझ्याच भिंतीतून उगवली होती.

एवढी वर्षं मी म्हणत आलो की कंपनीने मला घर दिलं, मान दिला. कान घेतले त्याबद्दल कधी बोललो नाही. तो हसरा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता तेव्हा मला वाटलं, याचा हात बाजूला करावा. केला नाही. सवय. आता त्याचाच राग जास्त येतो.

एकोणीसला मी येतोय. सकाळच्या गाडीने. मामी पण म्हणते येते, तुला खायला घालायला. मी नको म्हटलं, तिला ऐकू आलं नाही.

घड्याळ पिशवीत घालून आणतो. बाईंना मागची बाजू दाखवायची आहे.

मामा


२१ जुलै

मामी,

तुमचा पाय मुरगळला म्हणून तुम्ही आला नाहीत, आणि मामांना विचाराल तर ते "झालं एकदाचं" एवढंच सांगतील. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

खोली लहान होती. एका बाजूला हसरे साहेब, त्यांचे वकील आणि इन्चार्ज. दुसरीकडे मी, मामा, आणि कुबड्या घेऊन आलेला रंगारी. बाईंनी मामांना विचारलं, "कोऱ्या पत्रकांवर आधी सह्या घ्यायची पद्धत होती का?" मामांना ऐकू आलं नाही. मी कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं. मग मामा जे बोलले ते बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेलं असेल. "होती. मी पाडली. याला मीच शिकवली." वकील म्हणाले, "आजोबा, म्हणजे वर्षानुवर्षं तुम्हीच कंपनीची फसवणूक केलीत, असं कबूल करताय." मी ते मामांच्या कानात सांगायचं टाळत होतो. मामा म्हणाले, "काय म्हणतोय? नीट सांग." सांगितलं. मामा म्हणाले, "कंपनीला माहीत होतं. तिने बक्षीस दिलं." आणि पिशवीतून घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं.

बाईंनी तिथूनच हुकूम काढून पत्रकांची खोकी मागवली. यायला दोन तास लागले. बाईंनी स्वतः मधूनमधून पानं उपसली. माझी सही, खाली रेघ. सही, रेघ. शंभरेक पानं पाहिली असतील. मग ते एक पान. सही, आणि खाली नुसता पांढरा कागद. बाईंनी इन्चार्जला विचारलं, "दहा शिड्या, दहाही तीन मिलिमीटर?" तो म्हणाला, "मला भरायला सांगितलं होतं." कोणी सांगितलं, हे विचारायची गरज पडली नाही. सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. मामी, त्या माणसाचं हसू मी पहिल्यांदा उतरलेलं पाहिलं. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. हाच माणूस सोमवारी परत त्या बोर्डसमोर उभा राहणार, हेच मनात येत होतं.

ते वाक्य पंधरा दिवसांत काढायचं आहे. जिथे जिथे वाचून दाखवलं, तिथे तिथे लेखी कळवायचं आहे. रंगाऱ्याची तक्रार आता कंपनीवर चालेल, माझ्यावर नाही. नोकरीचं विचाराल तर वकील म्हणाले की ती जागाच बंद झाली. तपासणीचं टेबल काढलं आहे. "तपासले" असं छापलेला स्टिकर आता मशिनच लावतं. रंगारी हे ऐकत होता. तो म्हणाला, "मग आता कोणी बघत नाही?" बाईंनी तेही लिहून घेतलं. मी त्यांना उद्या सविस्तर अर्ज देणार आहे. चौथा.

शेवटी मामांची जबानी टाईप होऊन आली. चार पानं. कारकुनाने शेवटचं पान काढून बोट ठेवलं, "आजोबा, इथे सही करा." तोवर सगळे जायला उठले होते. साहेबांच्या वकिलांनी बॅग बंद केली होती. मामांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. कारकून म्हणाला, "आजोबा, तुम्ही सांगितलं तेच आहे हो, करून टाका." मामांना ऐकू आलं नाही. खरंच आलं नाही की कसं, ते मला सांगता येणार नाही.

एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी चारही पानं वाचली. कोणी बसलं नाही आणि कोणी गेलंही नाही. मग त्यांनी सही केली आणि माझ्यापुढे हात पसरला. मला आधी कळलंच नाही काय हवंय.

मी खिशातून पट्टी काढून दिली.

तुमचा भाचा